जादू, करणी, मंत्र : शब्दांनाही जात असते

मुरुमला मराठी शिकवीत असताना एकदा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर 'जादू' हा शब्द लिहिला आणि मुलांना त्याचे समानार्थी शब्द विचारले. मुले भराभर सांगू लागली : किमया, चमत्कार, हातचलाखी, नजरबंदी, मंत्र, मोहिनी. मागच्या बाकांवरून दुसरे शब्द आले : करणी, चेटूक, भानामती, मूठ, उतारा. फळा भरला. मी समाधानाने खडू खाली ठेवला, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, हे सगळे एकच असतील तर जादूगार आल्यावर आपण टाळ्या वाजवतो, आन् करणीवालीला दगड का मारतात?"

घंटा झाली. मुले पळाली. मी फळा पुसला, पण प्रश्न पुसला गेला नाही. पुढे नोकरी संपली, तरी तो माझ्या मागे राहिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

पहिली गोष्ट अशी की फळ्यावरचे ते शब्द समानार्थी नव्हतेच. पुढच्या बाकांवरून आलेले शब्द पुस्तकातले, वर्तमानपत्रातले होते. त्यांत कौतुक होते. लेखकाच्या शब्दांत जादू असते, गायकाच्या गळ्यात जादू असते, एखाद्या फलंदाजाच्या बॅटीत जादू असते. पुढारी म्हणतो, माझ्याकडे काही जादूची कांडी नाही. जादूगार रघुवीरांचे नाव ऐकले की माझ्या पिढीतल्या माणसांचे चेहरे अजून उजळतात. मागच्या बाकांवरून आलेले शब्द मात्र वस्तीतले होते. त्यांत भीती होती. करणी कोणाच्या गळ्यात असते असे आपण कधी म्हणत नाही. करणी नेहमी कोणीतरी कोणावर तरी केलेली असते. म्हणजे एका बाजूला कला आणि दुसऱ्या बाजूला आरोप आहे. दोघांना एका रांगेत बसवणे ही माझी चूक होती. तरी मुलांच्या मनाने ते शब्द एकत्र आणले, त्यालाही कारण आहे. ते शोधायचे तर शब्दांचे कूळ पाहिले पाहिजे.

'जादू' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे जुने रूप अवेस्तेत 'यातु' असे आहे, आणि तोच 'यातु' वैदिक संस्कृतातही आहे. त्यावरून 'यातुधान' हा शब्द झाला. म्हणजे ज्याला आपण मुसलमानी शब्द समजतो, तो वेदातल्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक सूक्त आहे. त्यात ऋषी शपथ घेतो की मी यातुधान असेन तर आजच मरेन, आणि मला खोटेच यातुधान म्हणणाऱ्याचे वाटोळे होवो. या शपथेकडे आपल्या अभ्यासकांनी लक्ष दिले पाहिजे. जादूचा आरोप आणि आरोपाने हादरलेला माणूस ही जोडी किती जुनी आहे, ते तीवरून दिसते.

इंग्रजीतल्या 'मॅजिक' या शब्दाची कथा अधिक बोलकी आहे. तो ग्रीकांकडून आला, आणि ग्रीकांनी तो इराणी पुरोहितांच्या 'मगु' या नावावरून घेतला. इराणात जो धर्मविधी होता, तो ग्रीकांच्या डोळ्यांना जादू दिसला. आपला तो धर्म आणि शेजाऱ्याची ती जादू, ही रीत जगभर आहे. आपल्या देशात तिला जातीची जोड मिळाली, एवढेच.

आता मागच्या बाकावरचे शब्द पाहू. 'करणी' हा शब्द 'करणे' या साध्या क्रियापदावरून आला. जशी करणी तशी भरणी या म्हणीत करणी म्हणजे कृत्य. आमचे मुरुम कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले गाव. बाजारात मराठी, कानडी आणि दखनी अशा तीन बोली एकाच वेळी ऐकू येतात. कानडी माणूस करणीला 'माट' म्हणतो, आणि कानडीत 'माडु' म्हणजे करणे. दोन भाषा, दोन कुळे, पण कल्पना एकच : कोणीतरी काहीतरी केले आहे. 'ताईत' अरबीतून आला, 'किमया'ही अरबीतून आली. 'गारूड' हे गरुडाच्या विषहारक मंत्रावरून आले. मूळचा विष उतरवणारा गारुडी पुढे पोटासाठी साप खेळवीत गावोगाव हिंडू लागला, आणि त्याचे गारूड मात्र कवितेच्या समीक्षेत जाऊन बसले. शब्द वर चढला, माणूस खालीच राहिला.

हे सारे मला पुस्तकातून पुढे कळले. 'करणी' हा शब्द मात्र मी आधी घरात ऐकला.

माझी एक चुलत आजी सुईण होती. आमच्या वस्तीतलीच नव्हे, तर गावातल्या मोठमोठ्या वाड्यांतली बाळंतपणेही तिने केली. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस वस्तीच्या तोंडाशी यायचा आणि लांबूनच हाक मारायचा. आजी जायची. मागच्या दाराने आत जायची आणि काम झाले की मागच्या दारानेच परत यायची. जिथे तिचा हात लागला ती जागा मागाहून शिंपडून घेत. पण लोक म्हणायचे, म्हातारीला हातगुण आहे.

१९७२चा दुष्काळ आला. माणसे खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन जगली. जनावरांची हाडे वर आली. दुष्काळ सरल्यावर पावसाळ्याच्या तोंडाला गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याचे दोन बैल चार दिवसांत मेले. गळा सुजला, तोंडातून फेस आला आणि गेले. आदल्या आठवड्यात आजी त्यांच्या वाड्यावर बाळंतपणाचे राहिलेले धान्य मागायला गेली होती. धान्य मिळाले नव्हते, ती पुटपुटत परतली होती. एवढा पुरावा पुरे झाला. म्हातारीने करणी केली अशी बोंब उठली. चार माणसे वस्तीत आली. आजी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ह्या हातानं तुमची लेकरं जलमली. त्याच हातानं मी तुमची गुरं मारीन व्हय?" कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून वस्तीला गिरणीत दळण मिळेना, रानात काम मिळेना. पंधरा दिवसांनी आजीने गाठोडे बांधले आणि सोलापूरला लेकीकडे गेली. ती परत आली नाही.

पुढे काही वर्षांनी जनावरांच्या एका डॉक्टरला मी ती लक्षणे सांगितली. तो म्हणाला, हा घटसर्प. पावसाळ्याच्या सुरुवातीला येतो, अशक्त जनावर पटकन उचलतो, आणि वेळेवर लस टोचली तर बहुधा टळतो. जे काम लसीचे होते, ते न झाल्याचा दंड एका म्हातारीने भरला.

येथे मला एक गोष्ट लपवायची नाही. वस्तीवर बहिष्कार पडला तेव्हा आमच्या घरच्यांनी काय केले? करणी असे काही नसते असे त्यांनी म्हटले नाही. ते आजीला शेजारच्या गावच्या देवऋषीकडे घेऊन गेले, तिने करणी केली नाही असा कौल मिळावा म्हणून. देवऋषी आमच्यापैकीच होता. त्याने एक कोंबडे आणि पैसे घेतले आणि सांगितले की करणी झाली आहे खरी, पण ती दुसऱ्या कोणीतरी केली आहे. म्हणजे आमची म्हातारी सुटावी म्हणून आम्ही दुसरी म्हातारी शोधायला तयार होतो. ज्या लाकडाने आपले डोके फुटले, तेच लाकूड आपण घरात जपून ठेवतो.

आता प्रश्न असा की हातगुण आणि करणी हे दोन शब्द एकाच हाताला कसे लागले? मूल जगले तेव्हा हातगुण, बैल मेला तेव्हा करणी. ज्या हातावाचून गावाचे चालत नाही आणि ज्या हाताला गाव शिवत नाही, त्या हाताविषयी गावाच्या मनात भय असतेच. मरीआईची पूजा गावाने महार-मांगांकडे दिली. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर काढायचे काम त्यांचेच. रोग घालवण्याची शक्ती ज्याच्याकडे आहे असे मानले, त्याच्याकडेच रोग आणण्याचीही शक्ती आहे असे मानणे ही त्यापुढची पायरी आहे. तो मान नव्हता. संकटाच्या वेळी कोणाकडे बोट दाखवायचे, त्याची ती आधीच करून ठेवलेली सोय होती.

वरच्या बाजूला याच कृतीचे नाव वेगळे आहे. शत्रूचा नाश व्हावा म्हणून केलेल्या विधीला संस्कृतात 'अभिचार' म्हणतात. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अभिचाराला दोनशे पणांचा दंड सांगितला आहे. अकराव्या अध्यायात तो उपपातकांत मोजला आहे. पण त्याच अकराव्या अध्यायात असेही सांगितले आहे की ब्राह्मणाने अथर्वण मंत्र बेधडक वापरावेत, वाणी हेच त्याचे शस्त्र आहे आणि तिने त्याने आपले शत्रू मारावेत. एकाच ग्रंथात, एकाच अध्यायात, एकच कृती पाप आहे आणि अधिकारही आहे. फरक कृतीत नाही, करणाऱ्यात आहे. एकाने ओठ हलवले तर मंत्र, दुसरीने ओठ हलवले तर चेटूक. माझी आजी धान्य न मिळाल्याने पुटपुटली होती, एवढाच तिचा मंत्र.

जोतीराव फुल्यांना हे नेमके दिसले होते. १८७३च्या 'गुलामगिरी'त त्यांनी वेदमंत्र, जादू, मूठ मारणे आणि देव्हारे घुमविणे हे विषय एकाच प्रकरणात घेतले. एक धर्म आणि दुसरी अंधश्रद्धा अशी वाटणी त्यांनी मानली नाही. आपल्याकडचे पुष्कळसे सुधारक वस्तीतल्या देवऋषीवर तुटून पडतात आणि वाड्यातल्या शांतिहोमाला संस्कृती म्हणतात. ही सुधारणा अर्धी आहे, आणि अर्धी सुधारणा नेहमी दुबळ्याच्या अंगावर जाते.

जादूचे शास्त्र म्हणून जे काही आहे ते स्कॉटिश पंडित फ्रेझर याने १८९०च्या 'गोल्डन बाऊ' या ग्रंथात मांडले. त्याच्या मते जादूच्या मागे दोन समजुती असतात. पहिली साम्याची : सारख्यामुळे सारखे घडते. बाहुलीला सुई टोचली की माणसाला कळ येते ही समजूत त्यातली. दुसरी संपर्काची : एकदा शिवलेल्या गोष्टी दूर गेल्या तरी एकमेकींवर परिणाम करीत राहतात. म्हणून करणीसाठी केस, नखे, अंगावरच्या कपड्याचा तुकडा लागतो असे मानतात.

ही दुसरी समजूत वाचली तेव्हा मी दचकलो. शिवलेल्या गोष्टीचा परिणाम उरतो! मग विटाळ म्हणजे दुसरे काय? माणूस पाण्याला शिवला, पाणी बाटले. सावली पडली, अन्न बाटले. पाण्यात काही बदल होत नाही, रंग नाही, वास नाही, रोग नाही. तरी काहीतरी अदृश्य त्यात उतरले आहे, असे लाखो शिकलेसवरलेले लोक शतकानुशतके मानीत आले. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि नंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून, मंत्र म्हणून ते तळे 'शुद्ध' केले. वस्तीतली बाई लेकरावरून मीठमिरची उतरवते ती अंधश्रद्धा, आणि आख्ख्या तळ्याचा उतारा करणे हा धर्म! अस्पृश्यता हाच या देशातला सर्वांत मोठा जादूटोणा आहे. तो कोणा एका मांत्रिकाने केलेला नाही. साऱ्या समाजाने मिळून तो चालवला, आणि म्हणून त्याला जादू म्हणायचे कोणाच्या मनात आले नाही. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कलम कागदावरून मनात उतरायला मात्र वेळ लागतो आहे.

तरीही केवळ हे दाखवून आपले काम भागत नाही. माणसे करणी का मानतात, हे समजून घेतले पाहिजे. एव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या अभ्यासकाने आफ्रिकेतल्या अझांडे लोकांवर १९३७ साली ग्रंथ लिहिला. त्यात धान्याच्या कोठारांची गोष्ट आहे. कोठाराचे खांब वाळवी खाते आणि कोठार कोसळते, हे अझांडे लोकांना चांगले ठाऊक असते. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : नेमकी ही माणसे खाली बसली असतानाच ते का कोसळले? या 'नेमके आत्ताच का, नेमके यांनाच का' याचे उत्तर ते चेटकात शोधतात.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बुडवून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड धाबी निजलेल्या माणसांवर आली. ती घरे का पडली ते इंजिनिअर सांगू शकतो. पण पोर गमावलेली बाई 'माझेच का' असे विचारते, तेव्हा इंजिनिअर गप्प होतो आणि देवऋषी बोलू लागतो. देवऋषीचे दुकान या रिकाम्या जागेत चालते. ती जागा आपण माणुसकीने, सोबतीने भरली नाही, तर नुसत्या विज्ञानाच्या भाषणाने ते दुकान बंद होणार नाही.

मराठवाड्याची भानामती हेच सांगते. घरावर दगड पडतात, कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, घरातली सून कुत्र्यासारखी भुंकते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी घरे शोधून काढली तेव्हा दगडामागे, जाळामागे माणसाचाच हात निघाला. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड येतो, त्याला मंत्र लागत नाही. आणि भुंकणारी बाई बहुधा ढोंग करीत नसते. जिला घरात तोंड उघडायची मुभा नाही, तिचे कोंडलेले मन त्या आवाजात बाहेर पडते. ती माणसाच्या भाषेत ओरडली असती तर मार खाल्ला असता. भुंकली म्हणून लोकांनी ऐकून तरी घेतले. तिला उपचार हवा आणि घरात न्याय हवा. भानामती करणारी दुसरी बाई शोधून तिला बडवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

ही समजूत कोणत्या थराला जाते ते आपण पाहिले आहे. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या मानवतला लहान मुली आणि स्त्रियांच्या खुनांची मालिका घडली, आणि गुप्तधनासाठी बळी दिल्याच्या आरोपाने महाराष्ट्र हादरला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जादूटोण्याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. एखाद्या माणसाला करणी किंवा चेटूक करणारा म्हणून जाहीर करणे, त्या नावाखाली मारहाण करणे, धिंड काढणे, भूत उतरवण्याच्या बहाण्याने छळणे, साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाऊ न देणे हे सारे आता गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. वारी, कीर्तन, पूजा यांना कायदा हात लावत नाही. सीमेपलीकडे कर्नाटकानेही २०१७ साली असा कायदा केला.

कार्यकर्त्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला चेटूक करते असा आरोप ठेवून शारीरिक इजा किंवा मानसिक क्लेश देणे हा त्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. शिवाय महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६चा कायदा आहे. माझ्या आजीच्या वेळी यांतले काहीच नव्हते. आज अशी घटना घडली तर 'गावात समेट झाला' असे म्हणून कागद मिटू देऊ नका. समेटात म्हातारीच गाव सोडते.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी अलौकिकावरील विश्वास धम्मात बसत नाही हे स्पष्ट सांगितले. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात एक गृहस्थ बुद्धाला विनवतो की भिक्खूंना चमत्कार करायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध नकार देतो. तो म्हणतो, ज्याची श्रद्धा आहे तो त्याला ऋद्धी म्हणेल, ज्याची नाही तो म्हणेल की हा गांधारी विद्येचा प्रयोग आहे. खरा चमत्कार एकच : शिकवणीने माणूस बदलणे. एकच कृती, नाव देणारा बदलला की नाव बदलते, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ज्याने ओळखले त्याचे आपण अनुयायी म्हणवतो. तरी आपल्या घरांच्या चौकटींना लिंबू-मिरची लटकते, बाळाच्या दंडाला गंडा असतो, आणि भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते.

त्या मुलीला आज मी असे सांगेन : बाळ, जादूगार आपल्याला फसवतो, पण आपल्याला फसवतो आहे हे तो आणि आपण दोघेही जाणतो, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. करणीवाली कोणालाही फसवीत नाही. तिला ते नाव दुसऱ्यांनी दिलेले असते, आणि दगडही तेच मारतात. म्हणून यापुढे कोणी कोणाला करणीवाली म्हटले, तर करणी खरी की खोटी हा वाद घालत बसू नकोस. आधी विचार, हे नाव कोणी दिले, आणि तिच्या पदरचे धान्य कोणाकडे राहिले आहे.